मागाहूनच्या आनंदाची बाग

घर आहे, पण त्याला भिंती नाहीत. सभोवार खांब, वर छप्पर, पायांखाली गुळगुळीत झालेल्या लाकडी फळ्या. आणि या फळ्यांच्या बरोबर मधून, एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारा ओढा. पाण्यात सहा दगड बसवलेले आहेत, प्रत्येकाचा रंग निराळा. पाणी दगडापाशी येतं, त्याच्या अंगावरून घसरतं, पलीकडे एक सुरकुती उठते आणि विरते. पुन्हा उठते. बूट काढून काठाशी बसलेला माणूस आधी भराभर फोटो काढतो. मग फोन खिशात ठेवतो आणि नुसता बघत राहतो.

हे घर जपानमधल्या ओकायामा शहरात, कोराकुएन नावाच्या बागेत आहे. त्याचं नाव र्‍युतेन. बागेतून फिरताना इथल्या दाइम्योने, म्हणजे या मुलखाच्या सरदाराने, घटकाभर टेकावं म्हणून केलेली ही जागा. नदीपलीकडे त्याचा अख्खा किल्ला उभा होता. दालनं होती, गाद्यागिरद्या होत्या, हाताखाली माणसं होती. तरीही त्याला असं एक घर हवंसं वाटलं, ज्यात पाण्याखेरीज काही सामान नाही. ओढ्याकाठी घर सगळेच बांधतात. ओढ्यालाच घरात घ्यायचं कोणाला सुचलं असेल? या प्रश्नाने मला या बागेच्या नादी लावलं, आणि जितकं खोलात जावं तितकं हे प्रकरण अधिकच अद्भुत होत गेलं.

जपानमध्ये तीन बागांची नावं एका दमात घेतात: कानाझावाची केनरोकुएन, मितोची काइराकुएन आणि ओकायामाची कोराकुएन. यातल्या तिसऱ्या नावाची फोड सोपी आहे. ‘को’ म्हणजे नंतर, ‘राकु’ म्हणजे आनंद, ‘एन’ म्हणजे बाग. मागाहूनच्या आनंदाची बाग. कोणाच्या मागाहून? त्याचं उत्तर मिळायला आधी बाग चालून यावी लागते.

ओसाकाहून शिनकान्सेन या अतिवेगवान गाडीने पाऊण तासात ओकायामा येतं. स्टेशनाबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे. पीचच्या फळातून जन्मलेल्या आणि राक्षसांवर चाल करून गेलेल्या या मुलाची गोष्ट जपानमधल्या प्रत्येक घरात सांगितली जाते, आणि ओकायामा त्याला आपल्या गावचा मानतं. तिथून ट्राम पकडायची आणि ‘शिरोशिता’ला उतरायचं. शिरोशिता म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचा भाग. दुकानं, सिग्नल, सायकलींवरून निघालेली शाळेची मुलं, असं अगदी रोजचं शहर आहे. दहाएक मिनिटं चाललं की आसाही नदीचं पात्र समोर येतं. एका काठावर काळ्या फळ्यांनी मढवलेला किल्ला आहे, ज्याला लोक ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणतात. त्याच्या पाठीमागे, नदीच्या कुशीतल्या सपाट जमिनीवर, झाडांची एक दाट कड दिसते. त्या कडेच्या आत बाग आहे.

क्षेत्रफळ 13 हेक्टरांच्या थोडं वर, म्हणजे जवळपास 33 एकर. इकेदा त्सुनामासा या दाइम्योने 1687 साली काम सुरू करवलं आणि 1700 साली ते मुख्यतः पुरं झालं. हा काळ आपल्या ओळखीचा आहे. याच वर्षांत मराठे औरंगजेबाशी जिवाच्या करारावर लढत होते, आणि 1700 च्या मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं. तिकडे जपानमध्ये 1638 साली शिमाबाराचं बंड मोडल्यापासून मोठी लढाई राहिली नव्हती. तलवारी म्यानात होत्या, आणि सरदार घराण्यांची ईर्षा बागांमध्ये उतरली होती.

पण त्सुनामासाने हे काम ज्याच्यावर सोपवलं तो माणूस मला दाइम्योहूनही जास्त मोहवतो. त्याचं नाव त्सुदा नागातादा. तो होता संस्थानचा कारभारी आणि पाण्याचा जाणकार. 1654 साली आसाही नदीला महापूर येऊन ओकायामाची दाणादाण उडाली होती. पुराचं पाणी शहराला वळसा घालून समुद्राकडे न्यायचं म्हणून पुढे ‘ह्याक्केन’ नावाची एक वाट काढली गेली. नदीला पर्यायी पात्रच खोदलं म्हणा ना. ते काम त्सुदाच्या देखरेखीखाली झालं. सामान्य रयतेच्या मुलांसाठी काढलेली शिझुतानीची शाळाही त्यानेच उभी केली. उभी हयात नदीची समजूत काढण्यात घालवलेल्या माणसाने जेव्हा बाग करायला घेतली, तेव्हा त्याने पाण्याला खेळायला बोलावलं. आसाहीचं पाणी पाटाने आत आणलं आणि 640 मीटर लांबीच्या नागमोडी ओढ्यातून बागभर फिरवलं. तळी, धबधबा, र्‍युतेनमधला तो घरातला प्रवाह, सगळीकडे हेच पाणी फिरतं.

ओढा किती सावकाश वाहतो ते थांबून बघायला हवं. उतार जास्त झाला तर पाणी धावतं आणि काठ खातं. कमी झाला तर साचतं आणि शेवाळतं. पाटाचं पाणी शेतात खेळवणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. एक फावडं माती इकडची तिकडे झाली तरी पाण्याची चाल बदलते. इथे ती चाल अशी राखली आहे की पाण्याचा आवाज जेमतेम ऐकू येतो, आणि तो ऐकायला माणूस आपोआप गप्प होतो.

कोराकुएन हा जपानी बागांचा एक खास प्रकार आहे. ही चालत बघायची बाग आहे. चौथऱ्यावर बसून सगळी बाग एका नजरेत दिसावी, अशी तिची रचनाच नाही. वाट वळते, झाडांचा पुंजका आडवा येतो, मघाशी दिसलेलं तळं गायब होतं. चार पावलांवर ते पुन्हा सामोरं येतं, पण आता त्यातलं बेट दुसऱ्या बाजूने दिसतं आणि मघाचं तळं हेच का, असा प्रश्न पडतो. या युक्तीला जपानी भाषेत ‘मिएगाकुरे’ म्हणतात: दिसणं आणि लपणं. मराठीत त्याला सरळ लपंडाव म्हणावं. तळं तेच, झाडं तीच, पण ती पुनःपुन्हा नव्याने सापडतात. त्यामुळे 33 एकरांची बाग मनात मात्र कितीतरी मोठी होते.

या लपंडावाची सूत्रं पायांखाली असतात. पाऊल ठेवण्यापुरते दगड अंतराअंतरावर बसवलेले असले की माणूस खाली बघत चालतो. मग एक मोठा, सपाट दगड येतो. त्यावर दोन्ही पाय टेकतात, तोल सावरायची गरज उरत नाही आणि मान आपसूक वर होते. बाग करणाऱ्याला जे दाखवायचं आहे ते नेमकं तेव्हा समोर असतं. कोराकुएनमध्ये फळ्यांचा एक वाकडातिकडा पूल आहे, ‘यात्सुहाशी’. जुन्या ‘इसे मोनोगातारी’ या ग्रंथातल्या एका प्रसंगाची आठवण म्हणून जपानी बागांत असे पूल करतात. फळ्या कोनात जोडलेल्या असल्यामुळे भरभर चालताच येत नाही. प्रत्येक वळणावर पाऊल अडतं आणि खाली पाण्यातली निळी-जांभळी आयरिसची फुलं दिसतात. आपली चाल कोणीतरी तीन शतकांपूर्वी ठरवून ठेवली आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, हे लक्षात आलं की अंगावर शहारा येतो.

मग हिरवळीवर येऊन दक्षिणेकडे बघावं. झाडांच्या शेंड्यांवर काळा किल्ला उभा असतो. वास्तविक बाग आणि किल्ला यांच्यामध्ये अख्खी नदी आहे. पण झाडांच्या कडेने नदी झाकली आहे, किल्ल्याचा पायथा झाकला आहे. मधलं अंतरच पुसून टाकल्यामुळे किल्ला जणू बागेतच उगवला आहे असं वाटतं. याला ‘शाक्केइ’ म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. आपल्या कुंपणाबाहेरचा डोंगर, मनोरा, आभाळ हे सगळं रीतसर उसनं आणायचं आणि आपल्या चित्रात बसवायचं. या उसनवारीत ज्याचं घेतलं त्याचं काही कमी होत नाही.

बागेतली एक टेकडी मात्र घरची आहे. जमीन सपाट होती, म्हणून त्सुनामासाचा मुलगा त्सुगुमासा याच्या काळात ती माती घालून उभारली. उंची सुमारे सहा मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दुमजली घराएवढी. वर चढायला मिनिटभर लागत नाही. पण वर पोचलं की तळं, बेटं, ओढ्याची वळणं, भाताचा तुकडा आणि पलीकडचा किल्ला असं सगळं एकदम उलगडतं आणि डोंगरमाथ्यावर आल्यासारखा श्वास मोकळा होतो. टेकडीचं नाव ‘युइशिनझान’. ‘युइशिन’ हा शब्द बौद्ध तत्त्वज्ञानातला आहे. मूळ कल्पना भारतातून चीनमार्गे जपानला गेलेली: चित्तमात्र. दिसतं ते सारं चित्तातच घडतं, असं सांगणारा विचार. सहा मीटरच्या मातीला पर्वत करणारं जे काही आहे ते आपल्याच आत आहे, हे त्या टेकडीच्या नावातच लिहून ठेवलं आहे. इतका समर्पक नामकरणविधी मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि तो प्रचंड दगड! बागेत एक भलाथोरला ग्रॅनाइटचा खडक उभा आहे. जवळ जाऊन नीट पाहिलं की त्याच्या अंगावर सांधे दिसतात. एवढा खडक अखंड आणणं शक्य नव्हतं, म्हणून मूळ जागी तो फोडून त्याचे नव्वदहून अधिक तुकडे केले, ते इथे वाहून आणले आणि जसे होते तसे पुन्हा जुळवून उभे केले. दगडाचा मान जपानी बागेत मोठाच आहे. अकराव्या शतकातला ‘साकुतेइकी’ हा बाग करण्याच्या कलेवरचा जगातल्या अत्यंत जुन्या ग्रंथांपैकी एक. त्यात सांगितलेल्या रीतीचा गाभा असा, की आधी मुख्य दगड बसवावा आणि मग तो जे मागेल त्याप्रमाणे बाकीचे बसवावेत. दगडाला काही हवं असतं, हे गृहीत धरूनच पुढचं शास्त्र उभं राहतं.

या बागेतला मला सर्वांत आवडलेला भाग फुलांचा नाही. तो भाताच्या खाचरांचा आहे. सरदाराच्या विलासाच्या बागेत, हिरवळ आणि तळ्यांच्या शेजारी, चक्क भातशेती आणि चहाचा मळा! पूर्वी शेतीचा भाग बराच मोठा होता. आज ‘सेइदेन’ नावाचा तुकडा राखला आहे. प्राचीन चीनमधल्या जमीनवाटपाच्या रीतीप्रमाणे तो चौकोनांत आखलेला आहे: नऊ चौकोन, आठ कुटुंबांचे आठ आणि मधला सरकारी. जूनमध्ये इथे गाण्यांच्या साथीने भातलावणी होते. चिखलात वाकून रोपं खोचणाऱ्या बायका बघितल्या की कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. किल्ल्यातून नदी ओलांडून येणाऱ्या दाइम्योला आपलं ताट कुठून भरतं ते डोळ्यांसमोर दिसावं, असा हा शेजार आहे.

आता हिरवळ. जुन्या जपानी बागांमध्ये शेवाळ असतं, वाळू असते, खडी असते. इतकं मोठं मोकळं गवत क्वचितच. कोराकुएनमधलं गवत बहुतांश जपानचंच रानगवत आहे. हिवाळ्यात ते वाळून पिवळट तपकिरी होतं. मग फेब्रुवारीत एक दिवस माळी रांगेत उभे राहतात आणि त्या गवताला सरळ आग लावतात. ज्वाळा जमिनीलगत सरकत जातात आणि जगप्रसिद्ध बाग काही वेळात काळीठिक्कर पडते. किडींची अंडी आणि रोगाचे बीजाणू जळतात, मुळं जमिनीखाली शाबूत राहतात. वसंतात त्याच राखेतून कोवळी पाती वर येतात. पेरणीआधी भाजावळ करणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते इतकंच, की इतकी जपलेली बाग जपण्यासाठीच पेटवली जाते.

पाइन वृक्षांचं काम याच्या अगदी उलट, बोटांच्या टोकांनी करायचं. वसंतात मेणबत्तीसारखे उभे कोंब फुटतात. ते हातांनी खुडावे लागतात, नाही तर फांद्या बेसुमार वाढतात आणि झाडाचा घाट जातो. शरदात जुन्या सुया एकेका डहाळीवरून ओरबाडून काढायच्या, म्हणजे आतपर्यंत ऊन पोचतं. थंडीच्या तोंडावर खोडांना पेंढ्याच्या चटया गुंडाळायच्या. किडी उबेला त्यात शिरतात, आणि थंडी सरता सरता चटया काढून त्या किडींसकट जाळायच्या. एका झाडावर दिवसाचा बराच वेळ जातो. आणि काम संपल्यावर ते झाड कसं दिसतं? कोणी हातच लावला नाही असं. शेकडो कात्र्यांचे आणि हातांचे कष्ट ओतून शेवटी कष्टच दिसेनासे करायचे, हे या कलेचं मर्म मला वाटतं.

म्हणूनच ‘तीनशे वर्षांची बाग’ या शब्दांवर थोडं थांबायला हवं. 1934 साली आसाहीला पूर आला आणि बाग पाण्याखाली गेली. 29 जून 1945 च्या पहाटे अमेरिकी विमानांनी ओकायामावर आगीचे बॉम्ब टाकले. शहरात 1,700 हून अधिक माणसं मेली. किल्ला जळाला. बागेतला दाइम्योचा वाडा, ‘एन्योतेइ’, जळाला. नोह या पारंपरिक जपानी नाटकांचा रंगमंचही जळाला. त्सुनामासाला या नाटकांचं इतकं वेड होतं की तो स्वतः त्यांत नाचायचा, आणि ठरावीक दिवशी सामान्य लोकांनाही आत येऊ द्यायचा. र्‍युतेन मात्र वाचलं. भिंती नसलेलं, मधून पाणी वाहणारं ते घर उभं राहिलं.

पुढे ओकायामाने जुनी चित्रं आणि दप्तरं बाहेर काढली. संस्थानच्या काळात बागेचे तपशीलवार नकाशे आणि नोंदी ठेवलेल्या होत्या. त्यांवरून वाडा पुन्हा बांधला, तो 1960 मध्ये पुरा झाला. 1966 मध्ये किल्ला पुन्हा उभा राहिला आणि बागेला तिचं उसनं दृश्य परत मिळालं. पूर्वीपासून इथे पाळलेले लाल टोपीचे क्रौंच युद्धानंतर उरले नव्हते. 1956 मध्ये चीनमधून दोन क्रौंच आले. ते पाठवले होते ग्वो मोरुओ या लेखकाने, ज्याने तरुणपणी ओकायामात शिक्षण घेतलं होतं. दोन देशांमधलं युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. आज नववर्षाच्या सकाळी क्रौंचांना पिंजऱ्यातून सोडतात, आणि ते लांब पाय टाकत हिरवळीवरून चालतात.

तर या बागेत तीनशे वर्षांपूर्वीचं एकही पान नाही, पाण्याचा एकही थेंब नाही. तरीही ती त्सुदाची आणि त्सुनामासाची बाग आहे. वारी जशी दरवर्षी नव्या पायांनी चालते आणि तरी तीच असते, तशी.

आता नावाकडे वळू. सुरुवातीला हे नाव नव्हतंच. किल्ल्यामागची म्हणून नुसती ‘मागची बाग’ म्हणत. ‘कोराकुएन’ हे नाव पडलं 1871 साली. अकराव्या शतकातला चिनी राजपुरुष फान झोंगयान याने राज्यकर्त्याचा एक आदर्श मांडला होता: लोकांच्या आधी काळजी वाहावी आणि लोक सुखी झाल्यावर, सर्वांच्या मागाहून, आपण आनंद घ्यावा. त्यातला ‘मागाहूनचा आनंद’ उचलून बागेला नाव दिलं. आणि 1871 हेच ते वर्ष, ज्या वर्षी जपानमधली संस्थानं बरखास्त झाली. इकेदांच्या हातून मुलूख गेला. 1884 मध्ये बाग प्रशासनाकडे आली आणि सर्वांसाठी खुली झाली. नाव मिळालं आणि पुढच्या तेरा वर्षांत ते खरंही झालं. सरदाराच्या मागाहून आनंद लोकांच्या वाट्याला आला.

या आनंदातला एक वाटा पुण्यापर्यंत पोचला आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. कोराकुएन डोळ्यांसमोर ठेवून ते केलेलं आहे. दहा एकर, म्हणजे मूळ बागेच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. जपानचा प्रवास करून तो ‘पूर्वरंग’मध्ये लिहिणाऱ्या पु. लं.चं नाव त्याला असावं, हे छान जुळून आलं आहे. तिथे गेलात तर तळ्याकाठी उभे राहून झाडांच्या वर नजर टाका. पर्वती दिसेल. ओकायामात जे काम काळा किल्ला करतो ते इथे पर्वती करते. आता या उसनवारीला काय म्हणायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि कधी शरदात ओकायामाला जाणं झालं, तर र्‍युतेनमध्ये बसून झाल्यावर पाइनच्या झाडांकडे वळा. शिडीवर एखादा माळी असेल. तो जुन्या सुया बोटांनी ओढतो, खाली टाकतो, पुढची डहाळी धरतो. त्याने मोकळ्या केलेल्या फांद्यांना वसंतात नवे कोंब फुटतील, आणि ते बघणारी माणसं अजून घरूनही निघालेली नाहीत. झाड पुरं झालं की तो खाली उतरतो. दोन पावलं मागे सरकून एकदा वर बघतो. मग शिडी खांद्यावर घेतो आणि पुढच्या झाडाकडे जातो.